रस्ता बागेतून जाणार असेल, तर आपण काय मागायचं?

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. रस्ते बांधणं हे माझं काम नाही. तरी आज रस्त्यावर बोलायला उभा आहे, कारण एका रस्त्याच्या बाबतीत मी आणि माझ्या मोहल्ल्याने मोठी चूक केली. ती चूक काय होती हे मला बऱ्याच वर्षांनी, आणि तेही हजारो मैल लांबच्या एका शहरात समजलं. तुमच्यापैकी कुणाला ती परत करावी लागू नये, एवढाच या भाषणाचा हेतू.

आधी चूक सांगतो. आमच्या गावात मोहल्ल्याच्या मागे नगरपालिकेचं एक मैदान होतं. कडेला कडुनिंबाची आणि चिंचेची झाडं, मधे पोरांचं क्रिकेट, आणि पहाटे फजरनंतर बायकांचं चालणं. अम्मीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ती शेजारच्या चाचींबरोबर तिथेच जायची. एके दिवशी माणसं आली आणि मैदानाच्या मधोमध चुन्याच्या रेघा मारून गेली. विकास आराखड्यातला अठरा मीटरचा रस्ता होता. आम्ही पोरं भडकलो. चारशे सह्यांचं निवेदन केलं आणि कचेरीत गेलो. निवेदनात एकच मागणी होती : रस्ता नको.

तिथल्या अधिकाऱ्याने आम्हाला हाकललं नाही. चहा पाजला आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हरकती नोंदवण्याची मुदत केव्हाच संपली होती. नोटीस वर्तमानपत्रात आली होती, आमच्यापैकी कुणीच ती वाचली नव्हती. दुसरी गोष्ट त्याने प्रश्न म्हणून विचारली : "इथून नको, मग कुठून नेऊ? आणि इथूनच न्यायचा ठरला, तर कसा हवा?" आमच्यातल्या एकालाही उत्तर देता आलं नाही. तिघं इंजिनिअरिंगला होतो, तरीही.

रस्ता झाला. मैदानाचे दोन तुकडे झाले. पोरांनी दुसरी जागा शोधली. बायकांचं चालणं मात्र बंद पडलं, ते कायमचं. नंतर ते निवेदन मी पुन्हा काढून पाहिलं. चारशे सह्यांत एकाही बाईची सही नव्हती. मैदानाचा रोज वापर करणाऱ्यांना कचेरीने विचारलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता दुसऱ्या शहराकडे येतो. कंपनीच्या कामासाठी मी काही काळ अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात होतो. तिथे ओव्हरटन पार्क नावाची बाग आहे. बाग म्हटलं तरी आपल्या डोळ्यांसमोर येते तेवढी लहान नाही. ३४२ एकरांचा परिसर, त्यात प्राणिसंग्रहालय, गोल्फचं मैदान, खुलं रंगमंदिर आणि जुनं जंगल. रविवारी तिथे सगळ्या रंगांची माणसं दिसतात. एका सहकाऱ्याने मला सहज सांगितलं की हे जे तू बघतोयस, त्याच्या मधून सहा पदरी महामार्ग जाणार होता. मग मी त्या प्रकरणाच्या मागे लागलो.

गोष्ट अशी. १९५० च्या दशकात अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचं जाळं आखलं गेलं. त्यातला आय-४० हा पूर्व-पश्चिम महामार्ग मेम्फिसमध्ये थेट ओव्हरटन पार्कमधून काढायचं ठरलं. बागेची २६ एकर जमीन जाणार होती आणि प्राणिसंग्रहालय उरलेल्या बागेपासून तुटणार होतं. रस्त्याच्या बाजूने एक युक्तिवाद होता, तो आपल्यालाही ओळखीचा वाटेल. बागेतून आधीच एक छोटा रस्ता होता, त्यावर फक्त बस चालायच्या. म्हणजे "तिथे रस्ता आहेच की, आपण फक्त रुंद करतोय". आपल्याकडे टेकडीवरची पायवाट नकाशात रस्ता म्हणून दिसायला लागते, त्यातला हा प्रकार.

शहरातल्या काही नागरिकांनी १९५७ मध्येच बाग वाचवण्यासाठी समिती केली. पण जवळपास दहा वर्षं त्यांच्या हातात कायद्याचा आधार नव्हता. तो १९६६ मध्ये मिळाला. त्या वर्षी अमेरिकेने परिवहन खात्याचा कायदा केला आणि त्यात सार्वजनिक बागांसाठी एक कलम घातलं. त्या कलमात दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला : बाग सोडून जाता येईल असा शक्य आणि शहाणपणाचा दुसरा मार्ग आहे का? असेल, तर बागेतून रस्त्याला केंद्राचा पैसा नाही. दुसरा प्रश्न, पहिल्याचं उत्तर "नाही" आलं तरच : बागेचं नुकसान कमीत कमी व्हावं म्हणून आराखड्यात शक्य ते सगळं केलं आहे का?

आम्ही प्रोग्राम लिहिताना अटींचा क्रम चुकवला, तर उत्तर चुकतं. इथेही तसंच आहे. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली, म्हणजे "रस्ता होऊ द्या, पण झाडं लावा, कारंजं बसवा" म्हटलं, तर पहिला प्रश्न तुम्ही न विचारताच सोडून दिला. आणि फक्त पहिलाच विचारत बसलात, दुसऱ्याची तयारीच केली नाही, तर हरल्यावर हातात काहीच उरत नाही. आमच्या मैदानाचं तेच झालं.

मेम्फिसच्या नागरिकांनी दोन्ही तयार ठेवले होते. ते म्हणाले, रस्ता बागेच्या उत्तरेने किंवा दक्षिणेने वळवता येईल. त्याच दमात ते म्हणाले, बागेतूनच न्यायचा असेल तर जमिनीखालून न्या, बोगद्याच्या दोन पद्धती उपलब्ध आहेत. आणि तेही होत नसेल तर किमान एवढं करा. सरकारी आराखड्यात रस्ता जमिनीच्या पातळीखाली खणून नेणार होते, पण एका छोट्या ओढ्यावर तो वर येत होता. पाण्याच्या निचऱ्याचं आधुनिक तंत्र वापरलं, तर ओढ्यापाशीसुद्धा तो खालीच ठेवता येईल. बघा, मागणी किती नेमकी आहे. ओढा कुठे, पातळी किती, तंत्र कोणतं. अशा मागणीला "बघू" म्हणून उत्तर देता येत नाही. ती मान्य करावी लागते, किंवा का मान्य नाही हे सांगावं लागतं.

आणि नेमकं तेच सांगितलं गेलं नाही. नोव्हेंबर १९६९ मध्ये केंद्राच्या परिवहन सचिवांनी, म्हणजे तिथल्या मंत्र्यांनी, मार्ग आणि आराखडा दोन्हींना मंजुरी दिली. दुसरा मार्ग का नाही, नुकसान कमी करणारे बदल का नाहीत, याची कारणं मंजुरीसोबत नव्हती. नागरिक न्यायालयात गेले. खालच्या दोन न्यायालयांत हरले. २ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी लिहिलं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

त्या निकालातला एक मुद्दा प्रत्येक शहरातल्या माणसाने समजून घ्यावा असा आहे. रस्ता नेहमी बागेकडेच का वळतो? कारण बागेची जमीन आधीच सरकारची असते. भरपाई द्यावी लागत नाही, कुणाचं घर पाडावं लागत नाही, मोर्चा येत नाही. म्हणून खर्चाचा तक्ता मांडला की बागेतला मार्ग नेहमीच स्वस्त दिसणार. न्यायालयाचं म्हणणं असं, की खर्च आणि बाग एकाच तराजूत सारख्या वजनाने तोलायचे असते, तर वेगळ्या कलमाची गरजच नव्हती. कायदा केला, याचा अर्थ बागेचं पारडं आधीच जड धरलं आहे.

लक्षात घ्या, न्यायालयाने "रस्ता रद्द" असं म्हटलं नाही. निर्णय कशाच्या आधारावर घेतला, ती कागदपत्रं तपासा, एवढंच म्हटलं. पण तेवढं पुरलं. फेरविचारात १९७३ मध्ये सचिवांनी बागेतल्या मार्गाला मंजुरी नाकारली. पुढे राज्याने रस्ता खाली घालण्याचे, झाकण्याचे प्रस्ताव आणले, पण खर्च आणि वाद काही मिटेना. अखेर १९८१ मध्ये हा तुकडा महामार्गाच्या यादीतून काढला गेला. आज आय-४० शहराला उत्तरेकडून वळसा घालून जातो, आणि पूर्वेकडचा बांधून झालेला तुकडा बागेच्या अलीकडेच साधा शहरी रस्ता होऊन संपतो.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण या गोष्टीला आणखी दोन बाजू आहेत आणि माझ्या मते आपल्यासाठी त्याच जास्त महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाजू : बाग वाचली, पण बागेशेजारच्या वस्तीतली घरं वाचली नाहीत. महामार्ग होणारच असं गृहीत धरून ती आधीच पाडली होती. रस्ता आलाच नाही, आणि ती जागा वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. प्रकल्प दोन्ही टोकांनी पुढे ढकलत आणायचा आणि मधल्या तुकड्याला म्हणायचं, "आता एवढंच राहिलंय, अडवू नका" ही जुनी पद्धत आहे. म्हणून बागेचा प्रश्न बागेच्या कुंपणापाशी विचारून चालत नाही, रस्त्याचं पहिलं टोक आखलं जातं तेव्हाच विचारावा लागतो.

दुसरी बाजू : त्याच राज्यात, त्याच आय-४० महामार्गावर, मेम्फिसपासून तीनशे किलोमीटरहून जास्त अंतरावर नॅशविल शहर आहे. तिथे हा महामार्ग उत्तर नॅशविलमधल्या जेफरसन स्ट्रीटच्या परिसरातून काढला. ती कृष्णवर्णीयांची वस्ती होती. त्यांची दुकानं, त्यांची घरं, शेजारी त्यांची महाविद्यालयं. तिथले लोकही न्यायालयात गेले. १९६७ च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयात हरले आणि जानेवारी १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. रस्ता झाला आणि वस्ती चिरली गेली.

त्या खटल्यात एक बारीक गोष्ट नोंदलेली आहे. या मार्गावरची जाहीर सुनावणी १५ मे १९५७ रोजी झाली. तिची नोटीस वर्तमानपत्रात छापण्याऐवजी पोस्ट ऑफिसांत चिकटवली होती आणि त्या नोटिशीवर तारीख १४ मे होती. चुकीची तारीख. अशी नोटीस समाधानकारक नाही हे न्यायालयानेही म्हटलं, पण तेवढ्यावरून रस्ता थांबवला नाही. ती ओळ वाचली तेव्हा मला आमची चुन्याची रेघ आठवली. नोटीस निघते, पण ज्याचं नुकसान होणार त्याच्यापर्यंत ती पोहोचत नाही. कधी पोहोचवली जात नाही, कधी आपण घेत नाही. परिणाम सारखाच.

आता हे दोन्ही निकाल शेजारी ठेवा. बागेची जमीन स्वस्त म्हणून रस्ता बागेकडे वळतो. गरीब वस्तीची जमीन स्वस्त आणि आवाज बारीक म्हणून तो वस्तीकडे वळतो. तर्क एकच आहे. म्हणून "बाग वाचवा" म्हणताना आपल्याला प्रामाणिकपणे पुढचा प्रश्न विचारावाच लागेल : इथून ढकललेला रस्ता कुणाच्या घरावर जाणार? पर्यायी मार्गावरही माणसं राहतात. दुसऱ्याच्या मोहल्ल्यावर रेघ ओढून आपलं मैदान वाचवणं हा न्याय नव्हे.

आणि आणखी एक. ही बाग सगळ्यांची म्हणून आपण बोलतो, पण ती सगळ्यांची कधी झाली? मेम्फिसच्या सार्वजनिक बागा आणि मैदानं वंशानुसार वाटलेली होती. कृष्णवर्णीय नागरिकांनी दावा केला तेव्हा शहर म्हणालं, हळूहळू खुल्या करू. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आता आणखी उशीर चालणार नाही. म्हणजे बागेत पाय ठेवण्याचा हक्क आधी लढून मिळवावा लागला, मगच बाग वाचवण्याला अर्थ आला. जिथे आपल्याला बसायला संकोच वाटतो, ती जागा गेली तर आपल्याला दुःख होत नाही. आपल्या अनेक मुली बागेत जातच नाहीत, मग बाग गेल्याची हरकत त्या कशाला घेतील? हा प्रश्न महापालिकेला विचारण्याआधी घरात विचारायचा आहे.

आता घराकडे येऊ. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या नियोजित रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते तुम्हाला माहीत आहे. मुंबईत गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून आखले आहेत. जंगल वरून कापायचं नाही म्हणून खालून जायचं, ही आराखड्यातली निवड आहे. पण बोगद्यालाही तोंडं असतात, आणि तोंडापाशी झाडं आणि वस्त्या असतात. म्हणून "बोगदा आहे ना, मग काय" असं म्हणून उठून जायचं नसतं.

नेमकी मागणी काय करू शकते, याचं जवळचं उदाहरण वरळीच्या कोळीबांधवांचं आहे. तिथे बाग नाही, समुद्र आहे, पण धडा तोच. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाचे दोन खांब ६० मीटर अंतरावर येणार होते. त्यांचं म्हणणं होतं की लाटा आणि वाऱ्यात एवढ्या फटीतून होड्या सुरक्षित जाणार नाहीत. त्यांनी आकडा मागितला : १६० मीटर. काम अडवलं, चर्चा केल्या, पण आकडा सोडला नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये १२० मीटरचा निर्णय झाला. मागितलं तेवढं मिळालं नाही, पण आधी होतं त्याच्या दुप्पट मिळालं. समुद्र रोज वापरणाऱ्या माणसाचं ज्ञान एका आकड्यात मांडलं गेलं, म्हणून त्याला उत्तर द्यावं लागलं.

मग आपण काय मागायचं? माझी यादी सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, गरज. या रस्त्यावरून कोण, कुठून, कुठे जाणार? वाहतुकीची पाहणी कधी केली, कोणत्या वेळी केली? तीच माणसं बसने गेली तर रस्ता लागेल का?

दुसरं, पर्याय. निदान दोन मार्ग नकाशावर आखलेले दाखवा. प्रत्येकावर किती झाडं, किती घरं, किती खर्च.

तिसरं, रुंदी आणि वेग. किती पदर, आणि कोणत्या वेगासाठी आखलेत? वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे अकरावीचं भौतिकशास्त्र आहे. जिथे माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगातल्या देशांनी मान्य केलं आहे. वेग पाटी लावून कमी होत नाही, रस्ता अरुंद आणि वळणाचा ठेवला की होतो.

चौथं, ओलांडणं. बागेचे दोन तुकडे होणार असतील तर सपाटीवरून ओलांडायच्या जागा किती, आणि किती अंतरावर? जिना चढून जायचा पूल म्हणजे म्हातारी माणसं, बाबागाडी आणि व्हीलचेअर बाद. अंधारा भुयारी मार्ग म्हणजे संध्याकाळनंतर मुली बाद.

पाचवं, पाणी. ओढा, नाला, उतार नकाशात आहे का? पावसाळ्यात रस्त्याचं पाणी कुठे सोडणार?

सहावं, झाडं. कोणतं झाड, त्याचं वय काय, हे क्रमांकासह द्या. लावलेली रोपं तीन वर्षांनी कोण मोजणार?

सातवं, उत्तर. प्रत्येक हरकतीला लेखी, कारणासह उत्तर द्या. 

या यादीत "सौंदर्यीकरण" हा शब्द नाही. तो मुद्दामच ठेवलेला नाही. आमच्या क्षेत्रात ग्राहक म्हणतो, "ॲप छान दिसलं पाहिजे." हे मान्य करायला आम्हाला काही अडचण नसते, कारण ते कुणालाच मोजता येत नाही. अडचण तेव्हा येते, जेव्हा तो म्हणतो, "दोन सेकंदांत उघडलं पाहिजे." तुम्ही दुसऱ्या प्रकारचे ग्राहक व्हा.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा १९६६ चाच आहे, मेम्फिसला आधार देणाऱ्या कायद्याच्या वर्षीचाच. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते, नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी असते. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा तरी नोटीस काढावी लागते. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाड तोडण्याआधी वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर नोटीस लावावी लागते. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत माहिती मागता येते. बागेचं पारडं आधीच जड धरणारं तिकडच्यासारखं कलम मात्र आपल्या कायद्यात नाही, म्हणून ते वजन आपल्या हरकतींनीच घालावं लागतं.

आपण एरवी कचेरीत केव्हा जातो? कब्रस्तानाची जागा, मशिदीची परवानगी, शादीखान्याचा प्रश्न. ते प्रश्न खरे आहेत, जायलाच हवं. पण फक्त तेवढ्यासाठीच गेलो, तर शहराच्या नजरेत आपण एका समाजाचे अर्जदारच राहतो. रस्त्याच्या रुंदीवर, ओढ्यावर, बागेच्या फाटकावर हरकत घेऊन जातो तेव्हा आपण शहराचे नागरिक म्हणून जातो. शेजारच्या पेठेतली मंडळीही तीच बाग वापरतात. एका हरकतीवर दोघांच्या सह्या असतील, तर सुनावणीत ती वेगळ्या नजरेने वाचली जाते, आणि सुनावणीनंतरही ओळख टिकते.

म्हणून घरी गेल्यावर एक काम करा. आपल्या प्रभागाचा विकास आराखड्याचा नकाशा मिळवा. त्यात आपली मैदानं, बागा, ओढे शोधा आणि त्यांच्यावरून गेलेल्या रस्त्याच्या रेघा बघा. मग तो नकाशा घेऊन घरातल्या बायकांसमोर, म्हाताऱ्यांसमोर बसा आणि विचारा, तुम्ही इथून कुठे जाता, किती वाजता जाता, कुठे बसता? उत्तरं लिहून ठेवा. हरकतीची तयारी इथून सुरू होते.

हे मी अम्मीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "त्या वेळी मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. रस्ता चिंचांच्या पलीकडून, नाल्याच्या कडेने गेला असता तर मैदान अख्खं राहिलं असतं. तिथे कुणाचं घरही नव्हतं."

मी नंतर नकाशावर मोजून पाहिलं. तिचं बरोबर होतं. त्या अधिकाऱ्याने आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या घरातच होतं.